निलाच्या पेशी

"म्हणजे आपण पुरली ती अर्धीच म्हणायची का, जावई?"

अव्वानं हे विचारलं तेव्हा तिचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते. खानावळीतली दुपारची गिऱ्हाइकं नुकतीच उठून गेली होती. चुलीवर शेवटचा तवा होता आणि त्या बसक्या खोलीत धूर इतका कोंडला होता की मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"अर्धी कशी, अव्वा? पुण्यात तिच्या छातीतलं पाणी काढलं होतं न्हवं? त्यातलं थोडं त्या डॉक्टरबाईंनी ठेवून घेतलेलं. त्या पाण्यात बारीक बारीक जीव असतात म्हणे, पेशी म्हणतात त्यास्नी. त्या जगल्यात. एवढंच."

"पाणी कुणाचं?"

"निलाचंच."

"मग?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, फुंकणीनं जाळ केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मला घेऊन चला तिथं."

अव्वा म्हणजे गंगव्वा, माझी सासू. सगळं गाव तिला अव्वाच म्हणायचं, म्हणून मीही. गडहिंग्लजला स्टँडच्या मागल्या बोळात तिची खानावळ होती. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं. बाजाराच्या दिवशी बोळाच्या तोंडापर्यंत माणसं उभी असायची. नवरा तरणा असतानाच गेला. पोटी एकच लेक, निलांबिका. तीच माझी बायको. लग्नानंतरही ती रोज सकाळी आईच्या हाताखाली भाकऱ्या थापायला जायची आणि दुपारी माझ्या दुकानात जेवणाचा डबा घेऊन यायची. मी मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे आतली तार उपसून नवे वेढे घालतो. विहिरींवरच्या, बोअरच्या, जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात.

निलाचा खोकला सुरू झाला तो दिवाळीच्या फराळात. आधी आम्ही तळणाला दोष दिला, मग थंडीला. मग गावातल्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि टीबी म्हणून औषधं सुरू केली. तिनं ती सगळी नेमानं घेतली. खोकला जाईना, वजन उतरत गेलं, जिना चढताना ती मधेच थांबून कठड्याला टेकू लागली. कोल्हापूरला नेली, तिथून पुण्याला. पुण्यात तिच्या पाठीतून सुई घालून छातीतलं पाणी काढलं आणि कॅन्सर सांगितला, फुप्फुसाचा.

"पण ही तंबाखूला कधी शिवली न्हाई," मी डॉक्टरांना म्हणालो. "मी बी न्हाई."

"अशाही बायकांना होतो," ते म्हणाले. "त्यावरच इथं संशोधन चाललंय."

त्या संशोधनातच तिला एक नवी गोळी मिळाली. त्या गोळीनं काय केलं ते आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. महिन्याभरात खोकला थांबला. निला उठून बसली, चालू लागली, परत खानावळीत जाऊन भाकऱ्या थापू लागली. आमची सुगंधा तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला निला पहिल्या रांगेत बसली होती आणि इतकी हसत होती की मागच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, सुटलो. जवळजवळ वर्षभर तसं वाटत राहिलं. मग एका सकाळी ती भाकरी थापता थापता खोकली, आणि खोकून झाल्यावर आईकडे बघत बसली. गोळी तीच होती, पण आता तिचा उपयोग होत नव्हता. छातीत परत पाणी भरलं. दर पंधरा दिवसांनी पुण्याला जायचं, पाणी काढायचं. माघ महिन्यात ती गेली. आमच्यात जाळत नाहीत. रुद्रभूमीत तिला बसवून, हातात लिंग देऊन, विभूती लावून माती दिली.

फोन आला तो वैशाखात. मी मोटारीतली जळालेली तार उपसत होतो.

"मी नसीम तांबोळी," बाई म्हणाली. "निलाताईंना पाहायला यायचे मी, त्यांच्या पाण्याची बाटली न्यायला. आठवते का?"

आठवत होती. सडपातळ, चष्मा लावलेली, निलाच्या खाटेवर टेकून तिच्याकडून चटणीची कृती लिहून घेणारी. ती वॉर्डातली डॉक्टर नव्हती, प्रयोगशाळेतली होती.

"दादा, कसं सांगू कळत नाही. आनंदाची बातमी म्हणावी अशी ही नाही. त्यांच्या पेशी आमच्याकडे जगल्यात, वाढतायत. असं फार क्वचित होतं. वाढल्या तर घरी कळवीन असा शब्द मी त्यांना दिला होता."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. सबंध दिवस माझ्याकडून एक धड वेढा पडला नाही.

अव्वा आधी मठात जाऊन आली. स्वामींनी तिला सांगितलं, देह मातीला मिळाला, निला लिंगात एक झाली, आता मागं काही राहिलं नाही. अव्वा त्यांच्या पाया पडली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "स्वामींस्नी पुण्याचं ठाऊक न्हाई."

आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. सुगंधाला माझ्या बहिणीकडे ठेवलं. संकेश्वर गेलं, निपाणी गेली, अव्वा खिडकीला डोकं लावून बसली होती. मांडीवर एक गाठोडं होतं, ते ती खाली ठेवत नव्हती.

"काय हाय त्यात?" मी विचारलं.

"विभूती. बेलाची पानं. आणि एक लहान गाडगं."

"गाडगं कशाला?"

"त्यात घालून आणायची तिला. तिच्याच शेजारी पुरायची. मोकळी होऊ दे की ती पोर."

मी म्हणालो, "ते लोक देतील असं वाटत न्हाई, अव्वा."

"न देऊन करतील काय?"

मला स्वतःला काय पाहिजे होतं ते मला कळत नव्हतं. अव्वाला नेऊन आणायची, तिचं समाधान करायचं, एवढंच मी मनाशी धरलं होतं. पण पुणं जवळ यायला लागलं तसे मी केस विंचरले, निलाला भेटायला चाललोय तसे. त्या रात्री आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत उतरलो. निलाला घेऊन आम्ही तिथंच उतरायचो. राखणदारानं ओळखलं. "बाई कशा आहेत?" त्यानं विचारलं. मी "बऱ्या आहेत" म्हणालो.

सकाळी डॉक्टर तांबोळी प्रयोगशाळेच्या दारात उभ्याच होत्या. त्यांनी चहा मागवला. अव्वानं घेतला नाही. ती खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती, गाठोडं मांडीवर.

"तू कुठली, बाई?"

"सोलापूरची, मावशी."

"तांबोळी म्हणजे मुसलमान न्हवं?"

"हो."

"तुमच्यात बी पुरत्यात."

"हो मावशी."

"मग तुला कळंल. माझी लेक पुरी मातीला गेली न्हाई. माणसाचं सगळं मातीला जायला पाहिजे. ते काय असंल ते मला दे. मी न्यायला आलीया." तिनं गाठोडं सोडलं आणि गाडगं टेबलावर ठेवलं.

डॉक्टर त्या गाडग्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, हे ठेवायची परवानगी निलाताईंनी स्वतः दिली होती. नियमानं मला तुम्हाला विचारायची गरज नव्हती. पण त्या मला म्हणाल्या होत्या, 'वाढल्या तर घरी सांगा. अव्वा ऐकायची नाही, ती येईल. आली तर ती म्हणेल तसं करा.' मी हो म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणाल तसंच होईल. बाहेर नेऊ देता येणार नाही, ते धोक्याचं आहे. पण इथं नष्ट करायच्या म्हणालात तर तुमच्या समोर करीन. एवढंच मागते, आधी एकदा बघा."

माझं नाव निलानं घेतलं नव्हतं. ते मला लागलं. चारचौघांत कुणी उणं काढल्यासारखा मी खाली बघून चहा पीत राहिलो.

आत जाण्याआधी आम्हाला चपला काढायला लावल्या, अंगात पांढरे कोट घातले. अव्वाच्या नऊवारीवर तो कोट विचित्र दिसत होता. आत कडाक्याचा गारठा होता, यंत्रं घुमत होती. डॉक्टरांनी एका कपाटाचं दार उघडून तळहाताएवढी एक चपटी बाटली आणली, आडवी धरलेली. आत डाळिंबी रंगाचं पाणी होतं, पातळ. बाकी काहीच नाही.

"ह्यात?" अव्वा म्हणाली.

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाही." त्यांनी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "इथं डोळा लावा."

आधी मी बघितलं. काही वेळ नुसता उजेड दिसला. मग डॉक्टरांनी चाक फिरवलं आणि ते समोर आलं. फरशी बसवावी तसे एकाला एक चिकटून बसलेले फिकट ठिपके. मधे दाट, कडेला विरळ. कडेचे काही ठिपके लांबट होऊन मोकळ्या जागेकडे सरकल्यासारखे.

"ती गोल झालेली दिसते? जरा चकाकणारी?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "ती आता एकाची दोन होतेय."

मी बघत राहिलो. बायको साडेतीन महिने मातीखाली होती आणि तिच्या अंगातलं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर वाढत होतं. मला रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. मी फक्त तिथून डोळा काढू शकत नव्हतो. शेवटी अव्वानंच मला खांद्याला धरून बाजूला केलं.

ती बराच वेळ वाकून उभी राहिली. एक डोळा मिटायला तिला जमत नव्हतं, म्हणून तिनं तो हातानं झाकला.

"काय खातंय हे?" तिनं वर न बघता विचारलं.

"त्या रंगीत पाण्यात साखर असते, क्षार असतात. आणि..." डॉक्टर थांबल्या.

"आणि?"

"वासराच्या रक्तातून काढलेलं पाणी असतं. त्याशिवाय वाढत नाहीत."

अव्वा ताठ झाली. "रगात?"

"हो मावशी."

"माझी लेक जन्मात अंड्याला शिवली न्हाई." तिचा आवाज चढला. "ही माझी निला न्हवं. हे रगात पिणारं काय हाय मग?"

"ह्या निलाताई नाहीतच, मावशी. तेच मला सांगायचं होतं. हा त्यांचा आजार आहे. ज्यानं त्यांना नेलं तो."

"मग त्याला पोसतीस कशाला? लेक असंल तर मला मोकळी करायची हाय. आणि वैरी असंल तर मारून टाक. दोन्हीकडनं तेच की. ठेवायचं कशाला?"

डॉक्टरांनी बाटली सूक्ष्मदर्शकाखालून काढून हातात घेतली.

"त्याला मारायचं कसं तेच शिकायला ठेवलंय," त्या म्हणाल्या. "ती गोळी आधी लागू पडली आणि मग लागू पडेना, असं का झालं? ह्यांना ठाऊक आहे, आम्हाला नाही. आम्ही ह्यांच्यावर निरनिराळी औषधं घालून बघतो. काही मरतात, काही उरतात. उरतात त्या का उरल्या, ते शोधतो."

"म्हणजे रोज मारतीस?"

"जवळजवळ रोज."

"आणि परत वाढवतीस."

"हो."

अव्वानं कोटाची बाही चाचपली, जणू पदर शोधत होती. "मग एकदा मला मारू दे," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

"अव्वा," मी म्हणालो.

"तुम्ही गप ऱ्हावा, जावई."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग अव्वाकडे. असं कुणी त्यांना कधी मागितलं नसावं. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. अव्वाच्या हातांत हातमोजे चढवले. एका भांड्यात पांढरट, उग्र वासाचं औषध ओतलं. "एक बाटली उघडून देईन. हे आत ओतायचं. काही मिनिटांत सगळं संपतं. ती झाली की मग सांगा, बाकीच्यांचं काय करायचं. आणखी चार आहेत, आणि काही गोठवून ठेवलेल्या. तुम्ही म्हणाल तर सगळ्या." शेवटचा शब्द बोलताना त्यांनी तोंड कपाटाकडे वळवलं. मला तेव्हा कळलं की ह्या बाईचं पण काहीतरी जाणार आहे.

त्या परत कपाटाकडे गेल्या, पहिली बाटली आत ठेवली, तिथली दुसरी काढली आणि अव्वाच्या हातात दिली.

अव्वानं ती घेतली आणि दचकली.

"गरम हाय."

"हो. माणसाच्या अंगाइतकंच गरम ठेवावं लागतं. नाहीतर जगत नाहीत."

अव्वानं दुसरा हात बाटलीखाली घातला. औषधाचं भांडं समोर होतं. तिनं त्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. यंत्रं घुमत होती. मग ती बोलू लागली, माझ्याशी नव्हे, डॉक्टरांशीही नव्हे.

"निला झाली ती मार्गशीर्षात. बारसं झालं आणि लगीच मी खानावळीत. न जाऊन काय करती? घरात बघणारं कोण न्हाई. थंडी अशी की पाण्यात हात घालवत नव्हता. मग चुलीच्या बाजूला पाटी ठेवायची, पाटीत जुन्या लुगड्याचं धडपं, आणि धडप्यात ही. ऊब मिळंल म्हणून. जेवायला येणारी माणसं म्हणायची, गंगव्वा, पोर कशी निवांत निजती बघ. धुरानं डोळं चुरचुरायचं तिचं, पाणी यायचं. मी पदरानं पुसायची आणि परत भाकरी थापायची. रांगायला लागली ती तिथंच. चालायला लागली ती तिथंच. लगीन करून दिलं तरी सकाळी तिथंच यायची. मीच बोलवायची." ती थांबली. बाटली आता तिच्या छातीशी होती. "मला बाकी कायबी नको. एवढंच सांग, बाई. माझ्या चुलीच्या धुरानं झालं का हे?"

गडहिंग्लजपासून ती हे घेऊन आली होती. गाडगं नव्हे, विभूती नव्हे, हे.

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. नाही म्हणा, एवढंच. एक शब्द. त्यांना ते दिसलं. नक्की दिसलं.

"मावशी, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"तू शिकलेली न्हवंस?"

"शिकलेय. तरी माहीत नाही. चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब होतात, हे खरं आहे. कॅन्सरसुद्धा होऊ शकतो. पण निलाताईंच्या पेशींमध्ये जो बिघाड सापडला, तो जन्मात चूल न बघितलेल्या बायकांतही सापडतो. आणि चुलीशेजारी वाढलेल्या कितीतरी मुलींना काहीच होत नाही. त्यांना कशानं झालं ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

"म्हणजे धुरानं न्हाई असं बी न्हाई."

"तसं म्हणता येत नाही, मावशी."

माझा तोल गेला. "एक शब्द खोटा बोलला असता तुम्ही तर काय बिघडलं असतं? म्हातारीच्या जिवाला..."

"नको, जावई." अव्वानं मला अडवलं. तिचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला भाकरी संपली म्हणून सांगावं तसा. "खोटं मला गावात लई जणांनी सांगितलंय."

अव्वा बाटली धरून उभी होती. औषधाचा उग्र वास नाकात भरत होता. मला वाटलं, आता ओतेल. तिच्या जागी मी असतो तर ओतलं असतं. आपला दोष असो नसो, एकदा कुणाला तरी मारून मोकळा झालो असतो. तिनं बाटली थोडी वर उचलली, उजेडात धरली. आत डाळिंबी पाणी हललं. तिनं अंगठ्यानं बाटलीची कड चोळली, दोनदा.

"घे बाई," ती एकदम म्हणाली. "आत ठेव. गार व्हायलंय."

डॉक्टरांनी दोन्ही हात पुढं केले. बाटली देताना अव्वाचे हात लगेच सुटले नाहीत.

"बाकीच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठेव सगळ्या. कशानं झालं ते कळंस्तवर ठेव. कळलं की मला सांग. कायबी कळलं तरी सांग."

परतीच्या गाडीत ती झोपली. कऱ्हाडच्या पुढं जागी झाली आणि म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असंल, निलानं तुमचं नाव न्हाई घेतलं म्हणून."

मी हातातल्या तिकिटाची सुरळी करत बसलो.

"तुमच्यापाशी आली असती ती बाई, तर तुम्ही निलाला काय पाहिजे होतं ते केलं असतं. तिला ठाऊक होतं. मला मात्र तिथंवर आणल्याशिवाय पटलं नसतं." एवढं बोलून तिनं परत डोळे मिटले.

खानावळ तिनं बंद केली नाही. दुसरं करणार काय होती? पण आठवड्याच्या आत तिनं माणूस लावून स्वयंपाकघरातली चूल फोडली आणि मागं परसात मोकळ्यावर नवी घातली. वर नुसता पत्रा, चारी बाजू उघड्या. थंडीवाऱ्यात तिथं बसून ती भाकऱ्या थापायची. मी गॅस घेऊन देतो म्हणालो तर म्हणाली, आता ह्या वयात नवं काय जमायचं न्हाई. सुगंधा मात्र त्या चुलीच्या जवळपास फिरकलेली तिला खपायची नाही. पोर थंडीत आजीच्या कुशीत शिरायला यायची, आणि आजी हातातली फुंकणी उगारून तिला पार रस्त्यापर्यंत हाकलायची. पोर रडायची. तिला वाटायचं, आई गेल्यापासून आजी आपला राग करते. मी तिला कितीदा समजावलं, पण मोठी होईपर्यंत तिला ते पटलं नाही.

डॉक्टर तांबोळींचा फोन वर्षा-दोन वर्षांनी यायचा. मी अव्वाला सांगायचो. ती एकच विचारायची, "कळलं का?" मी म्हणायचो, "अजून न्हाई."

दहाएक वर्षांनी एका सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाजच वेगळा होता. त्या धापा टाकत बोलत होत्या. नवी गोळी निघाली होती, परदेशात. पहिली गोळी लागू पडेनाशी झाली की त्यानंतर द्यायची. "दादा, आम्ही ती निलाताईंच्या पेशींवर घालून बघितली. सगळ्या मेल्या. सगळ्या! इतकी वर्षं कुठल्याच गोळीनं पुरत्या मरत नव्हत्या त्या, पहिल्या चार दिवसांत मेल्या."

"बरं झालं," मी म्हणालो.

"आता निलाताईंसारख्या बायकांना..."

"ही गोळी तेव्हा असती तर?" मी विचारलं.

"तेव्हा असती तर आणखी काही दिवस मिळाले असते. कदाचित वर्ष, दीड वर्ष. त्याहून जास्तही."

मी त्यांचे आभार मानले. त्यांचा आनंद खरा होता, आणि त्यांनी तो दहा वर्षं राबून मिळवला होता. पण फोन ठेवल्यावर मला दुकानात बसवेना. शटर ओढलं आणि अव्वाकडे गेलो.

ती आता अंथरुणालाच होती. खानावळ दुसऱ्यांनी चालवायला घेतली होती. तिला कमी ऐकू यायचं. मी उशाशी बसलो आणि कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं, "पुण्याच्या बाईंचा फोन आला होता."

"कळलं का?"

"ते न्हाई कळलं, अव्वा. पण नवी गोळी आली. निलाचं ते बाटलीतलं सगळं मेलं तिच्यानं."

ती माझ्याकडे बघत राहिली. कांबळ्यावरचा तिचा हात उघडला, मिटला.

"सगळं?"

"त्या एका बाटलीतलं. बाकीचं ठेवलंय अजून त्यांनी. कपाटात. उबेला."

अव्वानं डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी उठायला लागलो, तेव्हा तिचे ओठ हलले. मी वाकलो.

"असू दे," ती म्हणाली. "असू दे."